मनाचे पालट आणि शब्दांचे पर्याय

नांदेड शहराजवळ गोदावरीच्या कांठीं विष्णुपुरी हें गांव आहे. नदीवरील बांध आणि उपसा सिंचनाची योजना यांमुळें हें नांव प्रथम शेतकऱ्यांच्या तोंडीं झालें. १९८१ सालीं येथें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. १९९४ सालीं सप्टेंबरच्या १७ तारखेस स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि वैद्यकीय महाविद्यालयहि येथेंच आलें. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतील मुलें आज या गांवीं शिकावयास येतात.

यांपैकीं पुष्कळांच्या हातीं एक वही असते. तिच्या डाव्या बाजूस इंग्रजी क्रियापदें असतात व उजव्या बाजूस त्यांचे पर्याय असतात. ‘एन्रेज’ म्हणजे ‘इन्सेन्स’, ‘सॅडन’ म्हणजे ‘डिप्रेस’, ‘अपीज’ म्हणजे ‘पॅसिफाय’, अशी ती यादी पानेंच्या पानें चालते. स्पर्धापरीक्षेंत या यादीचा उपयोग होतो, म्हणून मुलें ती पहांटे उठून पाठ करतात. परंतु हातचें पीक गेल्यावर बापाचें मन कसें झालें, हें चार इंग्रजी वाक्यांत सांगण्याची वेळ आली कीं वहींतील शंभर शब्दांपैकीं एकहि शब्द पुढें होत नाहीं. एखादा झालाच तर तो परका वाटतो. हा दोष मुलाच्या स्मरणशक्तीचा नव्हे, व त्याच्या बुद्धीचाहि नव्हे. मन पालटल्याचें सांगणारे शब्द एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत नेणें हें काम मुळांतच अवघड आहे. मराठींत त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असल्यास त्या वहीकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

पर्याय शब्द पाठ करण्याची चाल इंग्रजांनीं आणलेली नव्हे. मुलाची मुंज झाली कीं त्याला अमरकोश सांगावयाचा, ही आपल्याकडील पूर्वापार रीत होती. अमरसिंहाच्या या ग्रंथाचीं तीन कांडें असून सुमारें दीड हजार श्लोक आहेत. त्यांतील नाट्यवर्गांत मनोविकारांचे शब्द येतात. रागाला कोप, क्रोध, रोष, अमर्ष, प्रतिघ असे अनेक शब्द तेथें एका जागीं बांधून ठेवलेले आहेत. परंतु अमरकोशाचें खरें नांव ‘नामलिंगानुशासन’ आहे हें विसरतां कामा नये. त्यांत नामें आहेत, क्रियापदें नाहींत. राग ही वस्तु काय आहे याचे शब्द मुलाला मिळाले. राग येतो कसा, चढतो कसा, आणि उतरतो कसा, याचे शब्द त्यांत नव्हते.

तें काम धातुपाठानें केलें. पाणिनीच्या परंपरेंतील धातुपाठांत सुमारें दोन हजार धातु दहा गणांत लाविलेले आहेत. त्यांतील चौथ्या, म्हणजे दिवादि गणाकडे लक्ष दिलें तर एक मौजेची गोष्ट आढळते. कुप्, क्रुध्, तुष्, हृष्, मुह्, लुभ्, क्षुभ्, त्रस्, स्निह्, द्रुह्, शम्, मद् हे सर्व धातु या एकाच गणांत सांपडतात. कोपणें, रागावणें, संतोषणें, हर्ष पावणें, मोह पडणें, लोभावणें, क्षुब्ध होणें, भिणें, स्नेह जडणें, द्रोह करणें, शांत होणें, माजणें. मनाच्या पालटांची ही जणूं एक मालिकाच आहे. गण पाडले ते रूपांच्या सोयीसाठीं, अर्थासाठीं नव्हेत. नाचणें आणि शिवणें यांचे धातुहि याच गणांत आहेत. तरीहि मनांत आपोआप घडून येणाऱ्या इतक्या क्रिया एकाच रूपाखालीं आल्या, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ‘पचति’ म्हटलें म्हणजे मनुष्य कांहीं करतो. ‘कुप्यति’ म्हटलें म्हणजे मनुष्याचें कांहीं होतें. करणें आणि होणें यांतील हा भेद पुढें इंग्रजी शिकतांना मराठी मुलाला पदोपदीं अडवावयाचा होता.

संस्कृतांतून मराठींत येतांना या शब्दांनीं आपले स्वभाव बदलले. ‘रुष्’ या धातूचा अर्थ रागावणें. त्याचेंच मराठी रूप ‘रुसणें’. पण मराठी माणूस परक्यावर रुसत नाहीं. ज्यानें आपली समजूत घालावी अशी अपेक्षा असते त्याच्यावरच रुसावयाचें. मूल आईवर रुसतें, जांवई सासऱ्यावर रुसतो, भक्त देवावर रुसतो. सावकारावर कोणी रुसल्याचें ऐकिवांत नाहीं. ‘राग’ या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. संस्कृतांत राग म्हणजे रंग, तांबडेपणा, आणि त्यावरून आसक्ति व प्रीति. अनुराग या शब्दांत तो अर्थ आजहि जिवंत आहे. मराठींत मात्र राग म्हणजे क्रोध. तांबडा रंग तोच राहिला. प्रीतीच्या गालांवरून तो निघाला आणि क्रोधाच्या डोळ्यांत उतरला. ‘संताप’ शब्दांत मूळचा ताप आहे. तो ताप संस्कृतांत दुःखाचाहि असे. मराठींत ‘संतापणें’ म्हटलें कीं क्रोधाखेरीज दुसरें कांहीं मनांत येत नाहीं.

त्यानंतर फारसीचा काळ आला. बहामनींपासून निजामापर्यंत मराठवाड्यावर जीं राज्यें झालीं त्यांच्या दरबारांत फारसीचा मान होता. शिवछत्रपतींच्या काळांत राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यांत आले. कोशाची धांव साहजिकच कचेरी, किल्ला, कोठी आणि सैन्य यांच्यापुरती होती. मनुष्याच्या मनांत शिरलेले शब्द तेथून हलविण्याचें सामर्थ्य कोणत्याहि आज्ञापत्रांत नसतें. नाराज, बेजार, दिलगीर, खजील, हैराण हे शब्द माजघरांत राहिले, आणि बायकामुलांच्या तोंडीं बसून पक्के मराठी झाले. ‘शरम’ या परक्या नामापासून तर ‘शरमणें’ असें थेट मराठी क्रियापद झालें. येथेंहि अर्थ जागचा हलला. हैराण म्हणजे मुळांत चकित, गोंधळलेला. मराठींतील हैराण मनुष्य चकित झालेला नसतो. तो त्रासानें थकलेला असतो. उर्दू बोलणारा शेजारी ‘हैरान’ म्हणतो आणि मराठी शेजारी ‘हैराण’ म्हणतो तेव्हां शब्द एकच असतो, पण मनाची अवस्था एक नसते. नांदेडच्या रस्त्यावर हा प्रकार रोज घडतो.

अशा या मराठी मनाची इंग्रजीशीं पहिली मोठी गांठ एका लष्करी अधिकाऱ्यानें घालून दिली. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा १७९५ सालीं जन्मलेला इंग्रज कंपनीच्या फौजेंत नोकरीसाठीं १८१२ सालीं हिंदुस्थानांत आला. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालींच सोलापूर येथें त्यानें शब्द टिपण्यास आरंभ केला. पुढें सरकारचें साह्य मिळून मुंबईस शास्त्री मंडळी जमली. जॉर्ज आणि थॉमस कँडी या जुळ्या भावांचें साह्य झालें. शास्त्र्यांनीं मराठी शब्दांचे अर्थ मराठींत देणारा कोश १८२९ सालीं बाहेर काढला, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. त्यांत सुमारें चाळीस हजार शब्द होते. प्रकृति बिघडल्यामुळें मोल्सवर्थ मायदेशीं गेला. १८५१ सालीं तो परत आला, आणि १८५७ सालीं सुमारें साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति निघाली. मराठी माणसानें त्याचें नांव ‘मोलेसर’ असें करून घेतलें. हाहि एका प्रकारें आपलेपणाचाच पर्याय म्हणावयाचा.

या कोशाचें मोठेपण शब्दसंख्येंत नाहीं. मोल्सवर्थनें पंडितांच्या पोथ्यांबरोबर बाजार, शेत, नाव आणि चूल यांच्याकडील शब्दहि घेतले. शब्द संस्कृतांतून आला, फारसींतून आला, अरबींतून आला कीं हिंदुस्थानींतून आला, हें दाखविणारीं अक्षरें त्यानें लाविलीं. वाक्प्रचार आणि म्हणी दिल्या. परंतु मराठी क्रियापदाचा अर्थ इंग्रजींत देणें आणि इंग्रजी क्रियापदासाठीं मराठी शब्द देणें हीं दोन कामें सारखीं नाहींत. पहिल्या कामांत कोशकार एका शब्दाभोंवतीं दहा शब्दांचें कुंपण घालूं शकतो. दुसऱ्या कामांत मुलाला एक शब्द द्यावा लागतो, आणि तो चालणारा द्यावा लागतो. हें दुसरें काम थॉमस कँडीनें पुरें केलें. त्याचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. मराठी लेखनांत इंग्रजी पद्धतीचीं विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय ज्याला दिलें जातें तो हाच कँडी. १८६० सालीं बाबा पदमनजी यांनीं याच कोशाच्या आधारें विद्यार्थ्यांना झेपेल असा लहान कोश केला. साहेबाच्या टेबलावरील ग्रंथ अशा रीतीनें शाळकरी मुलाच्या हातांत आला.

मोल्सवर्थचें मुख्य कार्यक्षेत्र कंपनीच्या ताब्यांतील मुलूख, म्हणजे कोंकण आणि देश, हें होतें. मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. मुकुंदराज, नामदेव, जनाबाई, एकनाथ, दासोपंत अशांची जी भूमि, तिची बोली इंग्रजी कोशाच्या वाटेवर पुण्यामुंबईच्या मानानें कडेलाच राहिली.

इंग्रजी भाषेचा स्वतःचा इतिहासहि येथें थोडा पाहावा लागतो. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, तेव्हांपासून त्या देशांत मूळची इंग्रजी, राज्यकर्त्यांची फ्रेंच आणि विद्वानांची लॅटिन अशा तीन थरांचे शब्द साठत गेले. त्यामुळें मनाच्या एकाच पालटाला त्यांच्याकडे तीन तीन क्रियापदें आहेत. आपल्याकडे देशी, संस्कृत आणि फारसी असे तीन थर पडले तसाच हा प्रकार आहे. ‘सॅड’ हा त्यांचा घरगुती शब्द. प्राचीन काळीं त्याचा अर्थ तृप्त, भरलेला, असा होता. भरल्यावर जडपणा येतो, आणि जडपणांतून खिन्नता आली. त्यावरून ‘सॅडन’ झालें. ‘डिप्रेस’ आणि ‘डिजेक्ट’ हे लॅटिन घराण्याचे. एकांत दाबणें आहे, दुसऱ्यांत खालीं टाकणें आहे. ‘अँगर’ हा शब्द समुद्रापलीकडील नॉर्स लोकांनीं आणला. त्याचा मूळ अर्थ दुःख, क्लेश. आपला संताप दुःखाकडून क्रोधाकडे गेला, तसाच त्यांचा ‘अँगर’हि गेला. ‘इन्सेन्स’ यांत पेटविणें आहे. ‘एग्झॅस्परेट’ यांत खरबरीत करणें आहे. ‘मॉलिफाय’ यांत मऊ करणें आहे. ‘अपीज’ आणि ‘पॅसिफाय’ या दोहोंच्या मुळाशीं शांति या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे. ‘अस्टॉनिश’ यांत मेघगर्जना आहे. ‘मॉर्टिफाय’ यांत मरण आहे, आणि आपण ‘मेल्याहून मेल्यासारखें झालें’ असें म्हणतों तेव्हां त्याच वाटेनें जातों.

हे शब्द अशा रीतीनें उलगडले म्हणजे मराठी मुलाला परके वाटण्याचें कारण उरत नाहीं. आपल्याकडेहि माणूस पेटतो, भडकतो, तापतो. त्याचें मन खचतें, विरघळतें, द्रवतें. समुद्र खवळतो तसा तो खवळतो; वाघ चवताळतो तसा तो चवताळतो. आणि ज्याचा राग बाहेर पडूं शकत नाहीं, तो दुबळा मनुष्य मनांतल्या मनांत चरफडतो. चरफडणें आणि खवळणें हे दोन्ही रागाचेच प्रकार, परंतु त्यांच्यामध्यें धनी आणि गडी यांच्याएवढें अंतर आहे. गढूळ पाण्यांत निवळीची बी उगाळून घातली कीं गाळ तळाशीं बसतो व पाणी निवळतें. त्याचप्रमाणें रागहि निवळतो. ‘निवळणें’ या शब्दांत कोणी बाहेरून येऊन समजूत घालीत नाहीं, वेळ हाच उपाय असतो. इंग्रजी ‘अपीज’ यांत मात्र कोणीतरी कांहीं देऊन समाधान करतो, आणि १९३८ सालीं म्यूनिक येथें हिटलरची मनधरणी झाल्यापासून तर त्या शब्दाला दुबळेपणाचा वास लागला आहे. यादींत हे दोन शब्द शेजारीं लिहिले तर चूक झाली असें म्हणतां येत नाहीं. पण बरोबर झालें असेंहि म्हणतां येत नाहीं.

इंग्रजांनाहि ही अडचण जाणवत होती. १८१६ सालीं जॉर्ज क्रॅब यानें इंग्रजी पर्याय शब्दांतील भेद समजावून देणारा ग्रंथ लिहिला. १८५२ सालीं पीटर मार्क रोजे या गृहस्थाचा प्रसिद्ध शब्दसंग्रह निघाला. रोजे हा व्यवसायानें डॉक्टर होता. १८०५ सालीं त्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं लहानशी यादी केली होती; ग्रंथ निघाला तेव्हां तो सत्तरी ओलांडून गेला होता. त्यानें सर्व शब्दांचे सहा वर्ग पाडले, आणि शेवटचा वर्ग मनोविकारांना दिला. एकेका विषयाखालीं नामें निराळीं व क्रियापदें निराळीं मांडलीं. अमरसिंहानें जें काम केलें नव्हतें तें येथें झालें. विशेष हें कीं, रोजेनें आपल्या प्रस्तावनेंत अमरकोशाचा उल्लेख केलेला आहे. कोलब्रुकनें १८०८ सालीं श्रीरामपुरास छापलेल्या इंग्रजी भाषांतरावरून तो त्याला ठाऊक झाला होता. अमरकोशाची रचना त्याला फारशी रुचली नाहीं, ही गोष्ट निराळी. लंडनच्या या वृद्ध डॉक्टरानें ज्या वाटेनें पाऊल टाकलें तिच्यावर कित्येक शतकें आधीं एक भारतीय कोशकार चालून गेला होता, एवढें खरें.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. येथून पर्याय शब्दांना बाजारभाव आला. भाषांतर हा परीक्षेचा विषय झाला, आणि तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घरोघर पोहोंचली. कित्येक पिढ्यांनीं इंग्रजीचें पहिलें पाऊल त्या पाठमालेच्या आधारानें टाकलें. वाक्य घ्यावें, तें उलटवावें, पुन्हां सुलटवावें, ही तिची रीत होती, आणि ती नुसत्या यादीहून पुष्कळ बरी होती, कारण तींत शब्द वाक्यासह येत असे. पुढें परीक्षा वाढल्या, मार्गदर्शक पुस्तकें वाढलीं, आणि वाक्य गळून यादी तेवढी उरली.

मनोविकारांच्या शब्दांचा खरा कस परीक्षेंत लागला नाहीं, तो नाटकांत लागला. गोपाळ गणेश आगरकर यांनीं शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’चें मराठी रूपांतर केलें. कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांना १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. त्या अवधींत आगरकर या कामांत गुंतले होते. १८८३ सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि त्याला त्यांनीं नांव दिलें ‘विकारविलसित’. या नांवांतच सर्व कांहीं आलें. ज्या नाटकांत नायकाचें मन क्षणोक्षणीं पालटतें तें मराठींत आणावयाचें म्हणजे त्या प्रत्येक पालटाला मराठी क्रियापद शोधावयाचें. येथें ‘अमुक म्हणजे तमुक’ हा हिशेब चालत नाहीं. पात्र कोण, कोणाशीं बोलतें, कोणत्या प्रसंगीं बोलतें, हें पाहूनच शब्द उचलावा लागतो.

शब्दांहून मोठी अडचण वाक्याच्या घडणीची आहे. मराठींत ‘मला राग येतो’, ‘त्याला वाईट वाटलें’, ‘तिला गहिंवरून आलें’ असें आपण म्हणतों. मनोविकार हा पाहुण्यासारखा येतो. ज्याच्याकडे येतो तो वाक्याचा धनी होत नाहीं, त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो. इंग्रजींत बहुधा उलट असतें. तेथें बातमी ही कर्ता होते आणि मनुष्याला खिन्न करते. आवाज हा कर्ता होतो आणि मुलाला भिववितो. म्हणून त्यांचीं अशीं क्रियापदें बहुतेक सकर्मक आहेत. दिवादि गणांतील ‘होणें’ ज्याच्या रक्तांत आहे त्या मराठी मुलाला हें ‘करणें’ चटकन साधत नाहीं. ‘मी कंटाळलों’ असें सांगावयाच्या जागीं ‘मी बोअरिंग आहें’ असें तो सांगून बसतो, आणि आपण स्वतःलाच कंटाळवाणें म्हटलें हें त्याच्या गांवींहि नसतें. ही चूक शब्द न आल्यामुळें झालेली नाहीं. शब्द आला, पण त्याच्याबरोबर त्याचें वाक्य आलें नाहीं.

मराठवाड्यांतील मुलाला तर तिहेरी ओझें वाहावें लागलें. १८५७ नंतर पुण्यामुंबईस मराठी व इंग्रजी असा दुहेरी मार्ग होता. निजामाच्या राज्यांत माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूंत होतें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. तेथें उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. नांदेडचा किंवा लातूरचा मुलगा घरीं मराठींत रडे, शाळेंत उर्दूंत उत्तर देई, आणि इंग्रजी क्रियापदाचा अर्थ उर्दूच्या द्वारानें शिके. अशा स्थितींत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचें योगेश्वरी विद्यालय यांसारख्या संस्थांनीं मातृभाषेचा दिवा तेवत ठेवला. आज विष्णुपुरीच्या विद्यापीठाला ज्यांचें नांव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणीं शिक्षक होते. राजकीय लढ्याचे पुढारी होण्यापूर्वीं त्यांनीं खडू हातांत धरला होता.

परंतु उर्दूच्या त्या काळाकडे केवळ कडवटपणानें पाहणें न्यायाचें होणार नाहीं. भाषांतर म्हणजे काय याचा मोठा उद्योग त्या राज्यांत झाला. मौलवी अब्दुल हक यांचें पुष्कळ आयुष्य औरंगाबादेस गेलें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ सालीं औरंगाबादेहून निघाला. योगायोग असा कीं, त्याच १९३७ सालीं धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांचा मराठी धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध झाला. राजवाडे १९२६ सालींच निवर्तले होते. मराठी क्रियापदांचीं मुळें शोधीत त्यांनीं जें रान तुडविलें होतें त्याचा हा ठेवा. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंडहि १९३२ ते १९३८ या वर्षांत पुरे झाले. मराठवाड्याच्या एका शहरांत इंग्रजी शब्दांना उर्दू अर्थ मिळत होते. खानदेशांत मराठी धातु एकत्र येत होते. आणि या दोहोंचा सर्वांत अधिक उपयोग ज्याला झाला असता त्या नांदेडच्या मुलाच्या हातांत त्यांपैकीं सहसा एकहि पडत नव्हता. १९४८ सालीं १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झालें, आणि मराठी शाळांचा मार्ग मोकळा झाला. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झालें, आणि त्याच मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून १९९४ सालीं विष्णुपुरीचें विद्यापीठ त्यांतून निराळें निघालें.

आतां या सर्व खटाटोपाचें महत्त्व काय, असा प्रश्न कोणी करील. यादी पाठ करून नोकरी मिळत असेल तर शब्दांच्या कुळकथा कशाला? त्याचें उत्तर विष्णुपुरीसच मिळण्यासारखें आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी रोगांचीं लक्षणें इंग्रजींत शिकतो. त्याच्यापुढें येणारा रोगी मराठींत बोलतो. ‘जीव घाबरा होतो’ असें म्हातारी सांगते. यांत भय असूं शकेल. छातींत धडधड असूं शकेल. नुसता अशक्तपणाहि असूं शकेल. वहींत ‘घाबरणें’ याच्यापुढें भयाचेंच इंग्रजी क्रियापद लिहिलेलें असतें. तें तसेंच कागदावर उतरलें तर हृदयाचा विकार मनाच्या खात्यांत जमा होईल. दुसरा शेतकरी म्हणतो, ‘मन लागत नाहीं.’ तिसरा म्हणतो, ‘मन खचलें.’ मन न लागणें यांत कंटाळा असेल, आठवण असेल. मन खचणें म्हणजे विहिरीचा कांठ खचतो तसें खालचा आधार जाणें. दुष्काळ आणि कर्ज यांनीं ज्या भागांतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष नेले, त्या भागांत या दोन वाक्यांतील अंतर ओळखणें हा भाषेचा विलास नव्हे. तेथें पर्याय शब्दाची चूक जिवाशीं येऊं शकते. शब्दसंग्रहाचा कर्ता रोजे हा स्वतः डॉक्टर होता, हें येथें सहज आठवतें.

न्यायालयांतील साक्ष, दुभाष्याचें काम, वृत्तपत्राची बातमी, यांना हाच न्याय लागू आहे. ‘तो चिडला’ आणि ‘तो चवताळला’ यांपैकीं कोणतें क्रियापद इंग्रजी कागदावर कसें उतरतें यावर एखाद्या मनुष्याचा हेतु ठरावयाचा असतो. कोशांत दोहोंपुढें एकच इंग्रजी शब्द मिळाला म्हणून दोघांचा गुन्हा एक होत नाहीं.

मोल्सवर्थ, कँडी, पदमनजी, आगरकर, अब्दुल हक, राजवाडे यांनीं आपापल्या परी एकच धडा घालून दिला आहे. पर्याय म्हणजे बरोबरीचा शब्द नव्हे. पर्याय म्हणजे शेजारचा शब्द. शेजाऱ्याचें घर आपल्या घराला लागून असतें, पण त्याचें दार निराळें असतें. विद्यार्थ्यानें इंग्रजी क्रियापद उचलतांना त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा पालट कोणामुळें झाला? तो हळूहळू झाला कीं एकदम झाला? आणि तो बाहेर दिसतो कीं आंत राहतो? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं खवळणें कोठें, चरफडणें कोठें, आणि त्यांच्या शेजारीं इंग्रजीचें कोणतें घर, हें बहुधा सांपडतें. त्यानंतर त्या क्रियापदाचें एक वाक्य करावें, आणि तें आपल्या घरांत घडलेल्या गोष्टीचें करावें. पुस्तकांतील टॉम आणि मेरी यांचें करूं नये.

वही टाकून देण्याचें कारण नाहीं. आपले पूर्वजहि अमरकोश पाठ करीत. पाठांतरानें शब्द हातीं राहतो हें खरेंच आहे. मात्र त्या वहीच्या दोन रकान्यांच्या मध्यें तिसऱ्या रकान्याची जागा रिकामी आहे, आणि ती मराठी शब्दाची आहे. लातूरच्या वा नांदेडच्या खेड्यांतून आलेल्या मुलापाशीं हिरमुसणें, गांगरणें, ओशाळणें, वरमणें, कळवळणें, हळहळणें, सावरणें असे शेंकडों शब्द घरचेच असतात. ते त्याला कोणी शिकविलेले नसतात, म्हणून ते विद्या आहेत असें त्याला वाटत नाहीं. मोल्सवर्थला ते वेंचावयाला अनेक वर्षें लागलीं, आणि सात समुद्रांपलीकडून दोनदां यावें लागलें. मुलानें तो मधला रकाना भरला, तर बापाच्या गेलेल्या पिकाविषयीं चार वाक्यें इंग्रजींत लिहितांना त्याचा हात अडणार नाहीं.